५० ते ३२०० : कृष्णधवल फिल्मच्या वेगांची पारख

कृष्णधवल फिल्म विकत घेताना बहुतेक जण आधी कंपनी ठरवतात आणि त्या कंपनीची कोणत्या वेगाची, म्हणजे प्रकाशाला किती संवेदनशील, फिल्म घ्यावी याचा विचार मागाहून करतात. हा क्रम उलटा असायला हवा, असे माझे ठाम मत आहे. इल्फर्ड आणि कोडॅक यांच्या ४०० वेगाच्या फिल्ममधला फरक इल्फर्डच्याच ५० आणि ४०० या दोन फिल्ममधल्या फरकापुढे अगदी किरकोळ ठरतो. कॅमेरा हातात धरून काम भागेल की ट्रायपॉड लागेल, भर उन्हात अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र) किती उघडता येईल, लाल फिल्टर लावणे परवडेल का आणि प्रिंट किती मोठी करता येईल, हे सारे बऱ्याच अंशी वेगावरूनच ठरते. म्हणून आज मिळणाऱ्या फिल्मचा हा आढावा मी कंपनीवार न घेता वेगवार घेत आहे. माझा निष्कर्ष आधीच सांगते. नेहमीच्या कामाला ४०० ची एक फिल्म आणि तिच्या जोडीला १०० किंवा १२५ ची एक, अशा दोन फिल्मची नीट ओळख करून घेतली की बाकीच्या सगळ्या ठरावीक कामांपुरत्याच उरतात.

डब्यावरचा आकडा नेमका कशाबद्दल असतो, हे मात्र आधी पाहिले पाहिजे. आयएसओ मापनात आकडा दुप्पट झाला की लागणारा प्रकाश निम्मा होतो, प्रकाशाच्या अशा दुप्पट-निम्म्या फरकाला एक स्टॉप म्हणतात, त्यामुळे १०० आणि ४०० यांच्यात दोन स्टॉपचे अंतर असते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामानाने कमी ठाऊक असलेली बाब अशी की हा आकडा निगेटिव्हच्या सर्वांत विरळ भागावरून काढलेला असतो. प्रकाश मुळीच न लागलेली फिल्म धुतली (म्हणजे डेव्हलप केली) तरी तिला थोडा धूसरपणा असतोच. त्या धूसरपणाहून ०.१ इतकी जास्त घनता यायला किती प्रकाश लागतो, हे ठरावीक कॉन्ट्रास्टपर्यंत धुतलेल्या फिल्मवर मोजतात आणि त्यावरून वेग काढतात. याचाच अर्थ डब्यावरचा आकडा सावल्यांविषयी असतो. आकाश, पांढरी भिंत, उन्हातला चेहरा अशा उजळ भागांना कृष्णधवल फिल्म बराच जादा प्रकाश सोसून घेते, पण सावलीला कमी पडलेला प्रकाश पुढे कोणत्याही रसायनाने भरून निघत नाही. त्यामुळे वेग निवडताना जागेत एकंदर उजेड किती आहे यापेक्षा ज्या सावलीत तपशील हवा आहे तिथे तो किती पोहोचतो, हे मी पाहते. या एका प्रश्नाने निवड पुष्कळदा एका स्टॉपने तरी बदलते.

वेग वाढला की कण, म्हणजे प्रिंटमध्ये दिसणारा दाणेदारपणा, का वाढतो, याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. सिल्व्हर हॅलाइडचा स्फटिक लहान असो वा मोठा, डेव्हलपरने (फिल्म धुण्याच्या रसायनाने) त्याची चांदी करावी यासाठी त्याच्यावर चांदीचे मोजकेच, चारेक अणू एकत्र यावे लागतात. मोठ्या स्फटिकावर प्रकाश जास्त पडतो म्हणून तो लवकर तयार होतो, आणि धुतल्यावर त्याची चांदीही प्रिंटमध्ये दिसण्याइतकी मोठी होते. कोडॅकने १९८६ मध्ये आणलेल्या टी-मॅक्स फिल्ममध्ये हे स्फटिक चपटे घडवले होते, त्यामुळे तेवढ्याच चांदीत प्रकाश झेलणारा पृष्ठभाग वाढला आणि कण त्या मानाने बारीक राहिला. इल्फर्डची डेल्टा मालिका याच नव्या पिढीतली आहे. जुन्या घडणीच्या आणि नव्या घडणीच्या फिल्म असे दोन गट डोळ्यांसमोर ठेवले म्हणजे पुढची तुलना सोपी जाते.

आता ४०० कडे वळते, कारण सर्वांत जास्त लिहिण्याजोगा वेग हाच आहे. समजा, दिवसा खोलीत खिडकीशी कोणी बसले आहे आणि लेन्सचे अ‍ॅपर्चर एफ/२ पर्यंत उघडले आहे (एफचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे). अशा उजेडात ४०० च्या फिल्मला साधारण १/६० सेकंद मिळतात, म्हणजे श्वास रोखून कॅमेरा हातात स्थिर धरता येतो आणि समोरची व्यक्ती बोलत असली तरी चेहरा हलल्यासारखा दिसत नाही. त्याच जागी १०० च्या फिल्मला १/१५ लागतात आणि ५० च्या फिल्मला १/८. या वेगांना कॅमेरा भिंतीला टेकवून सांभाळता येईलही, पण हाताची बोटे, डोळ्यांची उघडझाप आणि ओठांची हालचाल यांना आवर घालणे आपल्या हाती नसते. हलल्याने धूसर झालेल्या चित्राला बारीक कणाचा काही उपयोग नाही. माणसांची छायाचित्रे घेणाऱ्याला मी पहिली फिल्म ४०० चीच सुचवते, ती या कारणासाठी.

या वेगात मला सर्वांत भरवशाची वाटते ती इल्फर्ड एचपी५ प्लस. १९८९ पासून ती या रूपात मिळते. तिचा मूळचा कॉन्ट्रास्ट मवाळ आहे, मधले करडे रंग भरपूर येतात आणि एक्स्पोजरमध्ये थोडे इकडेतिकडे झाले तरी ती सांभाळून घेते. कोडॅक ट्राय-एक्स १९५४ मध्ये ३५ मिमी आणि मोठ्या निगेटिव्हच्या १२० च्या रोलमध्ये आली, आणि पुढची कित्येक दशके वृत्तछायाचित्रण तिच्यावरच चालले. तिचा कण ठसठशीत दिसतो, कडा जास्त ठाम वाटतात आणि प्रिंट सहज उठून येते. सपाट, ढगाळ उजेडात मी ट्राय-एक्स पसंत करते आणि कडक उन्हात एचपी५, कारण तिथे मवाळपणाच हवा असतो. टी-मॅक्स ४०० या दोघींहून बारीक कणाची आहे, इतकी की माझ्या डोळ्यांना ती जुन्या घडणीच्या १२५ च्या फिल्मजवळ जाणारी वाटते; पण तापमान आणि धुण्याचा वेळ यांतली ढिलाई तिला खपत नाही, अर्धे मिनिट जास्त झाले तरी उजळ भाग जड होतात. घरी थर्मामीटर लावून काटेकोरपणे धुणाऱ्यालाच ती शोभते. डेल्टा ४०० विषयीही माझे मत जवळपास तेच आहे. फोमापॅन ४०० च्या डब्यावरचा आकडा मात्र शब्दशः घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. नेहमीच्या डेव्हलपरमध्ये ४०० ला तिच्या सावल्या रिकाम्या पडतात. २०० किंवा २५० मानून वापरली तर ती छान फिल्म आहे, पण मग ४०० ची फिल्म घेतल्याचा हेतू अर्धा निघून जातो. केंटमियर ४०० शिकणाऱ्याने निःशंक घ्यावी.

४०० चे खरे सामर्थ्य, आणि तिच्याविषयीचा सर्वांत मोठा गैरसमजही, पुश करण्यात, म्हणजे फिल्म डब्यावरच्या आकड्याहून जास्त वेगाची मानून कमी प्रकाश देण्यात आणि जास्त वेळ धुण्यात आहे. एचपी५ प्लस १६०० मानून उघडायची (एक्स्पोज करायची) आणि आयडी-११ या डेव्हलपरच्या मूळ, पाणी न मिसळलेल्या द्रावणात २० अंश सेल्सिअसला धुवायची, तर इल्फर्डच्या तक्त्याप्रमाणे साडेसात मिनिटांऐवजी चौदा मिनिटे लागतात. या वाढीव वेळेने फिल्मचा वेग चौपट होतो, असे सर्रास म्हटले जाते. निगेटिव्ह लाइट बॉक्सवर ठेवून भिंगातून पाहिली की वेगळेच चित्र दिसते. रंगमंचावरच्या काळा कोट घातलेल्या गायकाचे उदाहरण घेते. ४०० ला नीट उघडलेल्या निगेटिव्हमध्ये कोटाच्या जागी पातळ करडा थर असतो आणि त्यात कॉलरची घडी, बटणे, बाहीची शिवण ओळखू येते. १६०० ला उघडून चौदा मिनिटे धुतलेल्या निगेटिव्हमध्ये चेहरा आणि हात भरघोस घनतेचे येतात, कपाळावर दिव्याची चमक तर जास्तच दाट होते, पण कोटाच्या जागी दोन छिद्रांच्या पट्ट्यांमधल्या मोकळ्या फिल्मइतकीच पारदर्शक जागा असते. त्यात घडी नाही, बटण नाही. प्रिंट कितीही काळजीने केली तरी तिथे निव्वळ काळे येणार. पुश केल्याने मधले आणि उजळ भाग वर येतात, कॉन्ट्रास्ट वाढतो, कण वाढतो, सावल्या मात्र जवळजवळ जागच्या जागी राहतात. गायकाचा चेहराच महत्त्वाचा असेल तर ही तडजोड उत्तम आहे आणि मी ती आनंदाने करते. कोटाचीही गरज असेल, तर उपाय जास्त वेगाच्या फिल्मचा किंवा जास्त उजेडाचा आहे, धुण्याचा नव्हे.

उलट टोकाला ४०० ची अडचण भर उन्हात होते. शटरचा वेग आयएसओच्या आकड्याइतका आणि अ‍ॅपर्चर एफ/१६, या उन्हातल्या ढोबळ नियमाने पाहिले तर कमाल १/१००० सेकंद असलेल्या जुन्या कॅमेऱ्यात ४०० ला जवळपास एफ/११ च्या पलीकडे अ‍ॅपर्चर उघडता येत नाही. पार्श्वभूमी धूसर ठेवून चेहरा वेगळा काढण्याची सोयच राहत नाही. १०० ची फिल्म त्याच शटरला एफ/५.६ देते आणि ५० ची एफ/४. लेन्समध्येच शटर असलेल्या, म्हणजे लीफ शटरच्या कॅमेऱ्यात कमाल वेग पुष्कळदा १/५०० असतो, तिथे आणखी एक स्टॉप जातो. पिवळा फिल्टर लावून एक स्टॉप खाली येता येते, पण फिल्टर रंगांच्या छटा बदलण्यासाठी असतो. उजेड कमी करणे एवढेच हवे असेल तर त्यासाठी करडा एनडी फिल्टर वापरावा.

म्हणून जोडीला १०० किंवा १२५ ची फिल्म हवी. इल्फर्डची एफपी४ प्लस हे या वेगातले माझे आवडते नाव आहे. तिचा कण दिसतो, पण त्रास देत नाही, उजळ भाग हळुवार उतरत जातात आणि दगड, झाडांच्या साली, सुरकुतलेली कातडी यांचा पोत ती फार सुंदर दाखवते. डेल्टा १०० आणि टी-मॅक्स १०० तिच्याहून तीक्ष्ण आणि बारीक आहेत. इमारती, यंत्रे, वस्तू यांची छायाचित्रे घेणाऱ्याने त्या घ्याव्यात. चेहऱ्यासाठी मला त्या किंचित थंड वाटतात, अर्थात ही आवडीची बाब आहे. फोमापॅन १०० जुन्या वळणाची फिल्म आहे आणि नेहमीच्या हातातल्या कामाला चांगली आहे, पण लांब एक्स्पोजरला ती फार लवकर मंदावते.

या वेगाला फिल्टर जोडताना हिशेब कसा बदलतो, ते सांगायला हवे. गडद लाल फिल्टर तीन स्टॉप खातो, म्हणजे १०० ची फिल्म साधारण १२ ची होते आणि लख्ख उन्हातही एफ/८ ला १/६० इतकेच मिळतात. ढग आणि आकाश यांच्यासाठी हे पुरते, वाऱ्याने हलणाऱ्या फांद्यांसाठी पुरत नाही. त्यातही एक मेख आहे. मोकळ्यावरच्या सावल्यांना प्रकाश मिळतो तो निळ्या आकाशाकडून, आणि लाल फिल्टर नेमका निळाच अडवतो. त्यामुळे सावल्यांवर तीन स्टॉपहून जास्त घाव बसतो आणि नियमाने काढलेले एक्स्पोजर सावलीला कमी पडते. लाल फिल्टरसह काम करायचे असेल आणि ट्रायपॉड नसेल तर मी सरळ ४०० घेते. तीच लख्ख उन्हातली एफ/८ मग १/२५० ला मिळते आणि सावलीसाठी आणखी एक स्टॉप द्यायलाही जागा उरते.

रात्रीच्या कामात वेगाचे गणित पार बदलते आणि या जागी बरेच जण विनाकारण ४०० घेतात. एक्स्पोजर सेकंदाच्या पुढे गेले की फिल्म मंदावते, आणि किती मंदावते ते प्रत्येक फिल्मचे वेगळे असते. इल्फर्डच्या माहितीपत्रकात एचपी५ प्लससाठी मोजलेल्या सेकंदांचा १.३१ वा घात घ्यायला सांगितला आहे. प्रकाश मोजणाऱ्या मीटरने २० सेकंद सांगितले तर प्रत्यक्षात सुमारे ५० सेकंद द्यावे लागतात. फुजीफिल्मची अ‍ॅक्रॉस २ ही १०० ची फिल्म मात्र दोन मिनिटांपर्यंत कोणतीही भर मागत नाही. त्याच दृश्याला मीटर तिच्यासाठी ८० सेकंद सांगतो आणि तेवढेच तिला पुरतात. कागदावर चौपट दिसणारा वेगातला फरक ५० विरुद्ध ८० सेकंद इतकाच उरतो, आणि त्याच्या बदल्यात कण कितीतरी बारीक मिळतो. ट्रायपॉडवरून रात्रीचे पूल, रस्ते, पाणी टिपणाऱ्यांसाठी अ‍ॅक्रॉसइतकी चांगली फिल्म मला माहीत नाही. २०१८ मध्ये जुनी अ‍ॅक्रॉस बंद झाली तेव्हा हे काम करणारे अनेक जण हळहळले होते. २०१९ मध्ये ती दुसऱ्या रूपात परत आली, याचा मला मनापासून आनंद आहे.

५० च्या इल्फर्ड पॅन एफ प्लसविषयी थोडक्यात. कण जवळपास नाहीसा होतो, काळे मखमली येतात. पण कॉन्ट्रास्ट मूळचाच चढा असल्याने कडक उन्हात तिला आवरणे अवघड जाते. ढगाळ, मऊ उजेड आणि ट्रायपॉड अशी दोन्ही सोय असेल तरच ती घ्यावी. एक्स्पोज केलेला रोल महिनोन्‌महिने तसाच पडू देऊ नये, कारण तिच्यावरची न धुतलेली प्रतिमा इतर फिल्मच्या मानाने लवकर क्षीण होते. तीन महिन्यांच्या आत धुणे श्रेयस्कर. शिवाय ३५ मिमीची निगेटिव्ह आठ बाय दहा इंचाच्या प्रिंटसाठी साडेआठ पट मोठी करावी लागते, तर सहा बाय सहा सेंटीमीटरची सुमारे साडेचार पटच. कण बारीक हवा म्हणून वेग ५० पर्यंत उतरवण्यापेक्षा १२० च्या रोलच्या कॅमेऱ्यात ४०० घालणे पुष्कळदा जास्त फायद्याचे ठरते.

३२०० लिहिलेल्या फिल्मबाबत ग्राहकाला नीट सांगितले जात नाही, असे माझे मत आहे. डेल्टा ३२०० चा आयएसओ पद्धतीने मोजलेला वेग सुमारे १००० आहे आणि ही बाब इल्फर्डने स्वतःच्या माहितीपत्रकात लपवलेली नाही. कोडॅकच्या टी-मॅक्स पी३२०० चा मूळ वेगही डेव्हलपरप्रमाणे ८०० ते १००० च्या आसपास आहे. नावातला पी पुशचा आहे. या फिल्मचा मूळ कॉन्ट्रास्ट मुद्दाम कमी ठेवलेला असतो, जेणेकरून जास्त वेळ धुतल्यावर तो योग्य पातळीला येईल. म्हणून डेल्टा ३२०० मी १६०० ला उघडते. तिथे ती तिच्या खऱ्या वेगापासून दोन तृतीयांश स्टॉपच खाली असते, तर एचपी५ पूर्ण दोन स्टॉप खाली असते. वर सांगितलेल्या गायकाच्या काळ्या कोटातली घडी या फरकामुळे परत दिसू लागते. ३५ मिमीमध्ये कण खूप मोठा येतो, चेहरा लहान असेल तर डोळ्यांतला तपशील त्यात हरवतो. १२० मध्ये तोच कण देखणा दिसतो, आणि पी३२०० त्या आकारात मिळत नसल्याने तिथे डेल्टाला तोड नाही. पी३२०० चा कण मला जरा जास्त कोरीव वाटतो. २०१२ मध्ये बंद झालेली ही फिल्म कोडॅकने २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आणली. दोन्ही फिल्म साठवून ठेवण्याजोग्या नाहीत, वयाने त्यांचा धूसरपणा भराभर वाढतो. विमानप्रवासात ८०० च्या वरच्या फिल्म हातानेच तपासायला द्याव्यात, आणि सीटी पद्धतीच्या नव्या यंत्रांतून तर कोणत्याही वेगाची न धुतलेली फिल्म जाऊ देऊ नये.

ज्यांच्याजवळच्या लॅबमध्ये रंगीत निगेटिव्हच धुतल्या जातात त्यांच्यासाठी इल्फर्ड एक्सपी२ सुपर आहे. ४०० ची ही कृष्णधवल फिल्म सी-४१ या रंगीत प्रक्रियेत धुतात आणि तिची प्रतिमा शेवटी चांदीची न राहता रंगद्रव्याची होते. ती २०० ला उघडावी. चांदीच्या फिल्मचा कण जास्त एक्स्पोजरने वाढतो, हिचा कमी होतो. फिल्मच्या डबीवरचा वेगाचा डीएक्स कोड वाचून आपोआप वेग लावणाऱ्या साध्या कॅमेऱ्यात हा बदल करता येत नाही, तिथे ती डब्यावरच्या आकड्याला वापरली तरी चालते.

राहिला प्रश्न स्वतःच्या आकड्याचा. पर्सेप्टॉलसारखा बारीक कणाचा डेव्हलपर वेग अर्ध्या ते एक स्टॉपने खाली आणतो, मायक्रोफेन तो थोडा वर नेतो, आणि डी-७६ किंवा आयडी-११ डब्यावरच्या आकड्याच्या जवळ राहतात. त्यामुळे एकाच ४०० च्या फिल्मचा दोन डार्करूममधला खरा वेग वेगळा असू शकतो. तो शोधायला मोठी साधने लागत नाहीत. गडद, पण स्पष्ट विणीचे लोकरी कापड उजेडाकडे पाठ करून टांगावे आणि शेजारी पांढरा कागद ठेवावा. मीटर कापडाच्या अगदी जवळ धरून मोजावे आणि त्या मापापेक्षा दोन स्टॉप कमी एक्स्पोजर द्यावे, कारण मीटर कापडाला मधला करडा समजतो आणि ते करडे नाही. हे वेग ४०० मानून करावे, मग २५० आणि २०० मानून. रोल नेहमीच्या डेव्हलपरमध्ये नेहमीच्याच वेळेला धुवावा आणि तिन्ही निगेटिव्हच्या प्रिंट एकाच वेळेला, कॉन्ट्रास्टच्या एकाच ग्रेडच्या कागदावर कराव्यात. ती वेळ अशी निवडावी की फिल्मची कोरी कड कागदावर जेमतेम पूर्ण काळी होईल. ज्या सर्वांत मोठ्या आकड्याला कापडाची वीण प्रिंटमध्ये ओळखू येते, तो आकडा त्या डेव्हलपरपुरता मीटरवर लावून ठेवावा, आणि डेव्हलपर बदलला की ही चाचणी पुन्हा करावी.